वस्तऱ्याखालची झोप

वाचकहो, शिक्षा भोगून आलेल्या मनुष्याचा समाजाने केलेला स्वीकार येथे सविनय कथन करीत आहे.

तुरुंगात केशकर्तन शिकून आलेल्या गेनूने आमच्या गावी दुकान थाटले. परंतु चोराच्या वस्तऱ्याखाली मान देण्यास कोणी धजेना. अखेरीस, ज्यांचे घर त्याने फोडले होते, ते तुळशीरामतात्याच खुर्चीत विराजमान झाले.

“तात्या, हात थरथरतोय माझा.”

“माझं कुलूप तोडताना नव्हता थरथरला तो! लाव साबण.”

अर्धी दाढी होते तोच तात्या घोरू लागले. त्यांना शोधत आलेल्या त्यांच्या सौभाग्यवती दारातच थबकल्या.

“उठवू नकोस रे, गेनू. चोरी झाल्यापासून आज पहिल्यांदाच गाढ झोपलेत.”

हे ऐकताच बाहेर जमलेल्या बघ्यांची ओट्यावर गिऱ्हाईक म्हणून रांग लागली.

रांगेतील दुसरा इसम, केरबा तोडकर, वाचकांचा आभारी आहे.