म्हातारीच बरी

बाबा गेले, तरी त्यांची जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार दारात उभी होती. तिची नवी मॉडेलं येत गेली. बाबांनी एकही घेतलं नाही. माझ्या मेडिकलच्या शिक्षणापायी त्यांनी मन मारलं, हे मला कायम टोचायचं.

आज शोरूममधले सेल्समन काका भेटायला आले.

"फार छळलं गं मला तुझ्या बाबांनी. प्रत्येक नव्या मॉडेलची ट्रायल घ्यायचे. दोनदा तर सही केलेला चेक त्यांच्या खिशात होता."

"मग?"

"चक्कर मारून आले की किल्ली माझ्या हातात कोंबायचे. म्हणायचे, 'गिअरसुद्धा ही गाडीच आपोआप बदलणार, मग मी काय नुसता बसून राहू? आमची म्हातारीच बरी.'"

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"काका, ते चेकचं पुन्हा एकदा सांगा ना."