साधा चाकू

दवाखान्यात मी खिशातला घडीचा चाकू काढला आणि मुकुंदासाठी पेरू कापायला लागलो. चाळीस वर्षं आम्ही दोघं जुने चाकू जमवतोय. हा मात्र मी कधी कपाटात ठेवला नाही. बाजारात सापडला तेव्हा मुकुंदानंच न्याहाळून सांगितलं होतं, "साधा आहे. घरात वापर." मी वापरला. धार लावून लावून पातं निम्मं झिजलं, त्यावरचा कारागिराचा शिक्काही गेला.

आज तो पात्याकडे बघत राहिला.

"साधा नव्हता रे तो. त्या कारागिराचे दोनच चाकू उरले होते. दुसरा माझ्याकडे आहे."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"माझा एकटाच राहावा म्हणून."

"राहिला की मग," मी म्हणालो, आणि चाकू न पुसताच मिटून त्याच्या उशाशी ठेवला.