सुदामची शेवटची आठवण

कोठडीत मेलेल्या सुदाम भोयेच्या मेंदूतून काढलेली शेवटची आठवण एका कुपीत होती. ती न्यायला गृहखात्याचे सचिव मानवी हक्क आयोगात आले होते.

"आधी आम्ही तपासू, मॅडम. आयोग सरकारनंच नेमलाय ना?"

"नेमलाय सरकारनं. काम लोकांचं आहे," अध्यक्ष निर्मला टेंभुर्णे म्हणाल्या आणि त्यांनी यंत्र लावून ती आठवण स्वतःच्या मेंदूत उतरवली. काठ्यांचे घाव पाठीत उमटू लागले. त्या विव्हळल्या, पण त्यांनी यंत्र शेवटपर्यंत थांबवलं नाही.

"आता खुशाल न्या."

बाहेर सुदामची आई बसली होती. तिनं विचारलं, "मला हाक मारली का त्यानं?"

"मारली, हौसाबाई. मारणाऱ्यांच्या छातीवरची नावंही मी वाचलीत. चला, सुनावणीत सांगते."