न ओरडलेली बाई

"हा विषय नको, करिश्मा," ऋजुता मॅडम म्हणाल्या. "स्तनपानावर घे. बायका भरपूर मिळतात आणि परीक्षक वाद घालत नाहीत."

"मला हाच हवाय, मॅडम. कळा देणाऱ्या बाईला गप्प का बसवतात."

मिडवाइफरीच्या कोर्सचं शेवटचं वर्ष होतं. प्रबंधाचा विषय सोमवारी द्यायचा होता. करिश्माच्या उजव्या तळहाताला, अंगठ्याच्या खाली, पट्टी बांधलेली होती. त्याच दिवशी सकाळी प्रसूतीच्या खोलीत एक मुलगी ओरडत होती. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, तोंड दाब तिचं. करिश्माने दाबलं. मुलगी चावली.

मॅडमनी पट्टीकडे पाहिलं. "तुझ्याशी बोलणार कोण? बायका बाळाबद्दल बोलतात, दुखण्याबद्दल नाही. असं कर, एक बाई आण. बाळंतपणात ओरडली नाही आणि का ओरडली नाही ते सांगायला तयार आहे, अशी. नाही मिळाली तर स्तनपान."

"आणते," करिश्मा म्हणाली.

ती ठाकुर्लीला घरी पोचली तेव्हा सासू, बायजा, ओट्यावर सुकट निवडत बसली होती. तिने पट्टी पाहिली, सोडायला लावली आणि आतून हळद आणली.

"कोन चावला?"

"पेशंट."

"तोंड दाबलंस तिचं?"

करिश्माला नवल वाटलं. वर्गातल्या मुलींना वाटलं होतं, ती पेशंटचा हात धरून बसली असेल. "हो, आई. चुकलंच माझं."

 बायजाने हळद जरा जोरातच दाबून भरली. तिचे हात माहेरच्या मिठागरात राबलेले. तळहातावर फावड्याचा जुना वण होता, तो करिश्माच्या बोटांना खरखरीत लागला.

दोन दिवस करिश्माने वॉर्ड पालथा घातला. एकीची आई म्हणाली, "आमच्यात असलं बोलत नाहीत." दुसरी नुसती हसली. तिसरीचा नवराच उत्तरं देऊ लागला.

रविवारी मितेशचा, तिच्या नवऱ्याचा, वाढदिवस होता. तो तिशी ओलांडलेला, तरी रतन मावशी दरवर्षी विठ्ठलवाडीहून त्याच्यासाठी खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण घेऊन यायची. ती बायजाची धाकटी बहीण. तिने लग्न केलं नव्हतं.

"मावशी, वाढदिवसाला मी आईच्या हातचं खातच नाही, बघ," मितेश ताट पुढे करत म्हणाला.

"नको खाऊ," बायजा म्हणाली. "उद्यापासून डबा पन तिच्याकडनंच ने."

सगळे हसले. सासरे, राघोबा, रंगात आले. त्यांची आवडती गोष्ट सांगायची वेळ झाली होती.

"करिश्मा, तुझ्या दवाखान्यातल्या पोरी माझ्या बायजाकडं पाठव. मी तवा मस्कतला. ही बालंतपनाला माहेरी. घराला घर चिकटलेलं, भिंतीला भिंत. हा जन्माला आला तरी शेजारनीला पत्ता नाय! एक आवाज काढला नाय बाईनं."

"बाबा, तुम्ही तिथे नव्हतात, मग एवढं कसं माहीत?" मितेशने विचारलं.

"अख्खा गाव सांगतो रे!"

रतन मावशी ताट उचलून मोरीत गेली.

करिश्माचा घास हातातच राहिला. जिला ती वॉर्डावॉर्डात शोधत होती, ती बाई समोर भात वाढत होती.

"आई, माझ्या प्रबंधासाठी मला तुमच्याशीच बोलायचंय. तुम्ही का ओरडला नाहीत, एवढंच सांगायचं."

बायजाने भाताचा डाव ठेवला. "दुसरा इषय घे."

"पण का?"

"घे म्हनले ना."

मोरीतला भांड्यांचा आवाज थांबला होता.

जेवणं झाल्यावर मितेश मावशीला स्टेशनवर सोडायला गेला. राघोबा आडवे झाले. करिश्मा वही घेऊन सासूच्या शेजारी जाऊन बसली.

"आई, त्या दिवशीची ती मुलगी मला विचारत होती, मॅडम, ओरडू का? परवानगी मागत होती. आणि मी काय केलं, तर तिच्या तोंडावर हात ठेवला." तिने वही उघडली. "मी दुसरा विषय घेणार नाही. उद्या मॅडम नाही म्हणाल्या तर वर्ष जाईल. जाऊ दे. तुम्ही नाही बोललात तर दुसरी बाई शोधेन, पण विषय हाच."

बायजाने उठून आतल्या खोलीचं दार लोटलं.

"त्यात नाव येल?"

"नाही."

"गावाचं?"

"नाही."

"मितेश वाचील?"

"मितेश? तो पेपरसुद्धा क्रिकेटच्या पानापुढे वाचत नाही."

बायजा हसली नाही. "वाचील का, ते सांग."

"माझ्याकडून त्याला दिसणार नाही, आई. शब्द देते."

"मंग इचार."

करिश्माने फोनवर रेकॉर्डिंग लावलं. बायजाने ते बंद करायला लावलं. करिश्माने पेन उघडलं.

"मितेशच्या वेळी कळा वाढल्या, तेव्हा ओरडावंसं वाटलं?"

"वाटलं असंल. लय वाटलं असंल."

करिश्मा लिहिता लिहिता थांबली. "मग आवाज कसा आला नाही?"

बायजाने सुनेचा उजवा हात ओढून मांडीवर घेतला आणि हलकेच पट्टी सोडली. शेजारी स्वतःचा तळहात उताणा ठेवला. दोन्ही वण एकाच जागी होते, अंगठ्याच्या खाली, सारखेच वाकडे. एक अजून लाल, एक पांढरा पडलेला.

"मी येऊ दिला नाय, पोरी," ती म्हणाली. "हा फावड्याचा वन नाय. रतनचं दात हायत."