तुरीतले खडे

विहारात एकतीस बायका होत्या, एक पडदा होता आणि वीस स्लाइड. सोयाबीनचं बी पेरणीआधी घरीच उगवून कसं तपासायचं, हे मनिषा पहिल्यांदाच गावासमोर सांगत होती. निम्म्या बायका शेवटपर्यंत बसल्या तरच पुढचं गाव देऊ, असं कृषी खात्यातल्या साहेबांनी तिला बजावलं होतं. चौथ्या स्लाइडला सहा जणी पदर सावरत उठल्या. त्यांच्यामागं आणखी काही चुळबुळायला लागल्या.

विहाराला लागूनच घर असलेल्या सुलाबाई लगबगीनं गेल्या आणि तुरीचं गाठोडं घेऊन आल्या. चार सुपांत तूर ओतत म्हणाल्या, "लय खडे झालेत बया माझ्या तुरीत. बसल्या बसल्या हात लावा की गं! अन् पोरी, तू बोल. आमचे कान रिकामेच हायेत."

उठलेल्या बसल्या. सगळ्यांच्या माना सुपांत गेल्या, पडद्याकडं कुणीच बघेना. मनिषाचा आवाज पडला. तेवढ्यात मान वर न करताच एकीनं विचारलं, "अन् शंभरातलं साठच उगवलं, तर?"

मग प्रश्न थांबेनातच.

शेवटच्या स्लाइडलाही एकतीस जणी होत्या. "तुझ्यामुळं माझी तूर निवडून झाली बाई, उपकार झाले," असं म्हणत सुलाबाईंनी गाठोडं बांधलं. मनिषाला त्या खड्यांचेच आभार मानावेसे वाटले. टाकून द्यायला तिनं खड्यांची ताटली उचलली आणि सवयीनं मोजले.

चार सुपं तुरीतून खडे निघाले होते तीन.