ऐंशीची भिंत

"आई, शाल बदल. आता तू ऐंशीची झालीस," थोरला म्हणाला.

आई खुर्चीतून उठली. मघाशी ती पंचाहत्तर वर्षांची होती. खरं वय एकाहत्तर. पण खऱ्या वयाला आज घरात कुणी विचारत नव्हतं.

धाकट्याने भिंतीवरची बाग भराभरा ओरबाडून काढली. क्रेप कागदाची फुलं, घोटीव कागदाच्या वेली, मधोमध सोनेरी पंचाहत्तर. त्या फुलांपायी आईचा अंगठा सुजला होता. पाकळीला पीळ द्यायचा, अंगठा ठणकला की कोमट पाण्यात बुडवायचा, पुन्हा पुढची पाकळी.

"हळू रे, फाटतील," ती म्हणाली.

"आता कशाला लागतायत?" धाकटा म्हणाला. त्याचंही खरंच होतं म्हणा. पंचाहत्तरी होऊन गेली होती.

त्याचं असं झालं होतं. तीन मुलं तीन दिशांना. एकाला सुट्टी असली की दुसऱ्याच्या पोरांची परीक्षा. या वेळी कसं कोण जाणे, सगळ्यांचं जुळलं. लगेच थोरल्याचा फोन आला. "आई, तुझी पंचाहत्तरी आत्ताच करून टाकू. ऐंशीचा वाढदिवसही करू. फोटो काढून ठेवायचे, त्या त्या वर्षी सगळ्यांना पाठवायचे. सजावट मात्र तूच कर हं. तुझ्या हाताची सर बाजारच्या मालाला नाही."

आईला वाटलं, चेष्टा करतोय. "अरे, पण तेव्हा याल ना?"

"तेव्हाचं आत्ता कुणी सांगावं? जमलोय तर उरकून घेऊ."

उरकून घेऊ. हा शब्द या घरात पूर्वी चालत नसे. मधलीचा आणि धाकट्याचा वाढदिवस एकाच आठवड्यात यायचा. एकदा त्यांचे वडील म्हणाले, "दोन्ही एका दिवशी उरकून टाक की, तुझाही ताप वाचेल." आई म्हणाली होती, "भांडी उरकायची असतात. वाढदिवस करायचा असतो." आणि तिने दोन केले. 'थीम' हा शब्द तेव्हा कुणाच्या कानावरूनही गेला नव्हता. मधलीसाठी बिस्किटांच्या पुड्यांतल्या चांदीचा चंद्र. धाकट्यासाठी बुटांच्या खोक्यांची आगगाडी, या दारापासून त्या दारापर्यंत. थोरल्याच्या जंगलातला पुठ्ठ्याचा वाघ तर असा जमला होता की थोरला स्वतःच घाबरून पलंगाखाली शिरला. आता तोच सगळ्यांवर गुरगुरत होता. "चला, चला! उजेड जाईल!"

ऐंशीची भिंत चढली. निळ्या कागदाचं आकाश, त्यावर चंदेरी चांदण्या. प्रत्येक चांदणी कापून मग घडी घालून फुगवलेली, म्हणून भिंतीपासून जराशी सुटून हलत होती. एकीकडेही कुणाची नजर गेली नाही. सगळे कपडे बदलण्यात गुंतले होते. पाच वर्षं जायला हवीत ना मध्ये! थोरल्या सुनेने नवऱ्याच्या कानशिलांवर पावडर थापली. "एवढे तर पिकतीलच," ती म्हणाली. सगळे खदखदून हसले. आईच्या केसांना काही लावायची गरज पडली नाही. केक तोच होता. कापलेली बाजू भिंतीकडे फिरवली, की झाला नवा.

"दमलीस का गं?" मधलीने विचारलं.

"छे! पाच वर्षं कशी भुर्रकन गेली," आई म्हणाली.

मधली हसता हसता थांबली आणि उगाचच आईची शाल नीट करू लागली.

फोटोत आईने हातात धरायला पुठ्ठ्याची चौकट होती. वर आकडा, मध्ये चेहरा. मघाची सोनेरी होती, ही चंदेरी. ती आणायला गेलेली सून कपाटामागे वाकली आणि म्हणाली, "अहो आई, इथे अजून एक चौकट आहे. कागदात गुंडाळलेली. ती कसली?"

"ती नंतर. आधी ऐंशी होऊ दे."

"शंभरी केली वाटतं आईने!" धाकटा ओरडला. "सॉलिड आहेस तू!"

कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर होता. आईने चंदेरी चौकट चेहऱ्यासमोर धरली. सगळे तिच्यावर रेलले, हसले, पुन्हा हसले, कारण पहिल्या फोटोत जावयाचे डोळे मिटले होते. मग थोरल्याने टाळी वाजवली. "सुटलो बुवा एकदाचे!"

माणसं खुर्च्यांवरून उठू लागली. कुणी मोबाइल काढला, कुणी बॅग भरायला निघालं. धाकट्याचा हात चांदण्यांकडे गेला.

"थांबा. कुणी हलू नका," आई म्हणाली.

तिचा आवाज जुना होता, खोक्यांच्या आगगाडीच्या वेळचा. सगळे होते तिथे थांबले. ती स्वतः कपाटापाशी गेली. तिथेच उभी राहून तिने चौकटीवरचा वर्तमानपत्राचा कागद सोडला, नीट घडी घालून बाजूला ठेवला आणि येऊन खुर्चीत बसली. अंगावरची शाल काढून मांडीवर घेतली.

चौकट काळी होती. चारही कोपऱ्यांना पांढरी फुलं, पाकळीन् पाकळी पीळ देऊन केलेली. वर आकडा नव्हता. आईने ती दोन्ही हातांनी चेहऱ्यासमोर धरली. मधलीने तोंडावर हात दाबला. थोरल्याच्या कानशिलावरची पावडर घामाने ओघळली.

"काढ फोटो," आई त्याला म्हणाली. "एवढंही उरकून घ्या. त्यासाठी पुन्हा कशाला यायचं?"