मीठ पाहण्यापुरती भाजी

रेणुकानं वाडग्यावर ताटली झाकली आणि शेजारच्या कोकिळाकाकूंच्या दारात जाऊन उभी राहिली. दालमिल बंद पडल्यापासून भरलं वाडगं घेऊन या दारात यायची तिची ही पहिलीच वेळ.

"काकू, वांग्याची भाजी केली. मीठ पाहा बरं जरा."

काकू मेथी निवडत होत्या. जुडी बाजूला सारून हसल्या. "मलेच मीठ पाहाले सांगून राह्यली का वं? माह्या जिभेचे हाल तर ठाऊक आहेत तुले."

ठाऊक तर साऱ्या गल्लीला होते. नवऱ्यामागं पेन्शनीवर एकट्या राहणाऱ्या काकूंना आषाढात ताप आला आणि जाताना तोंडाची चव घेऊन गेला, असं त्या स्वतःच सगळ्यांना सांगायच्या. रेणुकाचा नवरा भागवत खामगावच्या ज्या दालमिलमध्ये मशीनवर होता, ती बंद पडली तीही त्याच सुमाराला. तेव्हापासून रोज स्वयंपाक उरकला की काकू वाडगं घेऊन हजर. "रेणुका, मीठ पाह्य वं. मले काही समजत नाही." आता मीठ पाहायला बोटभर भाजी पुरे झाली, पण काकूंचं वाडगं आपलं काठोकाठ. रेणुकानं एकदा विचारलंही. तर म्हणाल्या, "वरची भाजी वेगळी लागते, तळची वेगळी. सारी खाल्ल्याबिगर काय समजते?"

भागवत मोठा मानी माणूस. मोठ्या भावानं गव्हाचं पोतं पाठवलं, तर त्यानं ते आल्या ऑटोनं परत धाडलं होतं. मजुरांच्या अड्ड्यावर सकाळभर उभं राहायचं, कोणी नेलं तर हमाली करायची, नाही नेलं तर मान खाली घालून घरी यायचं, पण फुकटचा घास नको. काकूंच्या वाडग्याचं मात्र त्याला काही वाटत नसे. "म्हातारीचं एवढं काम आहे, नाही कसं म्हणावं," असं म्हणून तोही भाकरीबरोबर मीठ पाहायला बसे. पहिलीतली प्रेरणा तर एकदा म्हणाली, "आई, काकूची जीभ इतक्यात बरी नको व्हायले." रेणुकानं तिला दटावलं खरं, पण तिच्याही मनात तेच येऊन गेलं होतं, आणि त्याची तिला फार लाज वाटली. वाडगं तिनं कधी रिकामं परत केलं नाही. काहीच नसलं तर कढीपत्त्याची काडी तरी टाकायचीच.

यंदा कापूस आला, जिनिंग सुरू झाली आणि भागवतचा तिथे नंबर लागला. आज त्याचा पहिला पगार. येतानाच तो पिशवीभर कोवळी वांगी घेऊन आला होता. रेणुकानं तेलाचा हात सैल सोडून भाजी केली आणि घरात पानं मांडायच्या आधी पहिलं वाडगं काकूंकडे आणलं.

काकूंनी घास घेतला. तो तोंडात जरा जास्तच वेळ फिरला.

"चवीचं काय सांगू माय तुले," त्या म्हणाल्या, "पण वांगं कसं लोण्यावाणी शिजलं. मीठही बरोबरच असन. तुह्या हाताले का सांगा लागते?" आणि दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. रेणुकाला इतकं बरं वाटलं, की घरी येताना तिचे पाय जमिनीवर नव्हते.

भागवतनं पहिलाच घास घेतला आणि तो हसायला लागला. "अवं, मीठ टाकलंच नाही तू."

रेणुकानं चाखून पाहिलं. ठार अळणी. इतके दिवस घरात भाकर आणि ठेचा. भाजीत मीठ टाकायची हाताची सवयच मोडली होती. आणि हीच भाजी काकूंना देऊन आली ती. त्या बिचारीला कळणार नाही, म्हणून काय झालं? मीठ हातावर देत नाहीत, म्हणून तिनं छोट्या वाटीत घेतलं आणि तशीच धावत गेली.

काकूंचं दार अर्धं उघडं होतं. त्या ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. बरणीतलं चिमूटभर मीठ त्यांनी वाडग्यात टाकलं, कालवलं, बोटाच्या टोकानं चाखलं. मान हलवली. अजून एवढंसं टाकलं. पुन्हा चाखलं. आता जमलं असावं, कारण त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि मिटक्या मारत जेवायला लागल्या.

रेणुकाला आधी काही कळेना. मग सगळंच कळलं. आत जाऊन त्यांच्या पायावर डोकं ठेवावं असं तिला फार वाटलं. पण पाया पडायचं तर कशासाठी, ते काकूंना सांगावं लागलं असतं, आणि घरी भागवतला. ती पाय न वाजवता मागं फिरली.

भागवत ताटावर थांबला होता. "काय म्हणल्या? समजलं का त्यायले?"

रेणुकानं वाटीतलं मीठ त्याच्या भाजीवर टाकलं. तोंड फिरवून डोळे पुसले.

"कुठचं समजते," ती म्हणाली. "जीभ तशीच आहे बिचारीची. आता मीच रोज एक वाडगं नेत जाईन. येईल हळूहळू चव."